निळ्या पोटाचा बेडूक

मास्तरांच्या घरी मी पहिल्यांदा गेलो तेव्हा अंगणातल्या दोरीवर एक धोतर, काकूंचं लुगडं आणि अकरा बेडूक वाळत घातले होते.

बेडूक लाकडाचे आहेत हे जवळ गेल्याशिवाय कळत नव्हतं, आणि जवळ जायचा माझा अजिबात विचार नव्हता. मी दोन पावलं मागे सरलो आणि साबणाच्या पाण्याने भरलेल्या बादलीत बसलो. बसलो म्हणजे अगदी नीट, खुर्चीत बसावं तसा. ओसरीवर कानशीने काहीतरी घासत असलेल्या गृहस्थांनी मान वर केली, माझ्या दिशेने जरा वेळ पाहिलं आणि विचारलं, "गणित का?"

मी बादलीतूनच हो म्हणालो.

कल्याणच्या ज्या शाळेत मी नुकताच गणित शिकवायला लागलो होतो, तिथे हे चित्रकला शिकवत. नोकरीची शेवटची दोन-तीन वर्षं राहिलेली. माणसांची नावं त्यांनी कधीच सोडून दिली होती, विषयाने हाक मारत. हेडमास्तर म्हणजे इंग्रजी. जाडे कुलकर्णी आणि बारीक कुलकर्णी असे दोघं होते, ते भूगोल आणि संस्कृत. मी गणित. "गणिताला चहा दे," त्यांनी आत सांगितलं, आणि मग थोडा विचार करून, "आधी पंचा दे."

मी घाटावरचा. नदी आमच्या गावापासून तीन कोस लांब, आणि मासा आमच्या घरात फक्त दशावतारांच्या तसबिरीत, तोही अर्धाच. वरचा अर्धा देव. त्यामुळे काकूंचा पंचा गुंडाळून चहा पिता पिता मास्तरांनी जे सांगितलं ते मला परीकथेसारखं वाटलं. मरळ नावाचा एक मासा असतो. काळसर अंग, सापासारखं डोकं. तो तळ्यात राहतो पण श्वास घ्यायला वर येतो, आणि पाण्यावरून जाणारा बेडूक खालून गिळतो. बाकीचे लोक गळाला गांडूळ लावून ते बुडवतात आणि बिडी ओढत बसतात. मास्तर पाण्यावर बेडूक चालवत. खोटा, स्वतः कोरलेला.

लाकूड पांगाऱ्याचं, कारण ते हलकं. पाय सायकलच्या जुन्या ट्यूबचे. दोरीला हलका हिसका दिला की ते खऱ्यासारखे मागे झाडत. गळ दुहेरी, टोकं पाठीला चिकटलेली, म्हणजे कमळाच्या पानांवरून बेडूक बिनबोभाट सरकावा. दोरा लष्कराच्या पॅराशूटचा. लढाई संपल्यावर कल्याण कॅम्पातलं सामान मोडीत निघालं होतं, त्यातून मास्तरांनी एक भेंडोळं आणलं होतं आणि रोज संध्याकाळी त्याचे पदर उसवत बसत. "एखादा सोल्जर हिला धरून आभाळातून खाली आला असेल," ते म्हणायचे, "आता हिला धरून मरळ पाण्यातून वर येते. दोरीला काय, दोन्ही सारखंच."

आणि रंग. बेडकाची पाठ ते कोरीच ठेवत. रंगवत ते फक्त पोट. फिकट पिवळं, तीन हात, वर मानेपाशी बारीक ठिपके. शाळेच्या नाटकात राजाच्या मुकुटालाही कुणी एवढी मेहनत घेतली नसेल. मी विचारलं, पाठ का नाही? तर म्हणाले, पाठ आपण बघतो, पोट मासा बघतो. रंग कुणासाठी लावायचा ते आधी ठरवावं.

मी त्या दिवशी शाळेतला गणिताचा मास्तर म्हणून गेलो होतो आणि बाहेर पडलो तो त्यांचा शिष्य होऊन. ओली पँट काकूंनी ठेवून घेतली होती. घरी मास्तरांच्या धोतरात गेलो.

*

त्यांचा हंगाम पंचांगात नव्हता. सकाळी शाळेत निघताना ते सायकलच्या सीटवर हात फिरवत. हात दवाने ओला झाला की हंगाम सुरू. दसऱ्यानंतर कधीतरी तो दिवस यायचा. भातं कापायला आलेली असायची, खाचरांतलं पाणी आटून मासे तळ्यांत उतरलेले असायचे आणि थंडीची चाहूल लागून बेडूक एकेक करून चिखलात शिरायला लागलेले. "आत्ता मरळीला घाई असते," मास्तर सांगत. "प्रत्येक बेडूक तिला हंगामातला शेवटचा वाटतो. आपलं काम एवढंच, तिला तसं वाटू द्यायचं."

आमचं तळं शीळफाट्याच्या अलीकडे होतं, डोंबिवली मागे टाकून सायकलने बराच वेळ गेल्यावर. तेव्हा त्या बाजूला शेतंच होती. काळू नदीवर आंबिवलीलाही आम्ही जात असू, पण मास्तरांचा जीव या तळ्यावर. तिथे पोहोचलं की ते आपला काळा कोट उलटा करून घालत. अस्तर मातकट हिरवं होतं. टोपीही उलटी. मग बांबू घेऊन काठाशी असे उभे राहत की तिथे राहणारी एक आगरी म्हातारी, जिचं शेत तळ्याला लागून होतं, ती मला म्हणायची, "तुमचं मास्तर उभं रवलं का बगला बी फसतंय." ती त्यांच्या बेडकांचीही चौकशी करायची. एकदा एक हातात घेऊन उलटसुलट करून म्हणाली, "ह्यो बरा. खात नाय, वरडत नाय. आमच्या म्हाताऱ्याचे जागी ह्योच ठेवला असता." मास्तर कधी न हसणारे, पण तेव्हा त्यांची टोपी हलली.

पाण्यावरच्या या शिकारीत अवघड गोष्ट एकच असते, आणि ती मला कधी जमली नाही. मरळ बेडकावर येते तेव्हा पाणी फुटतं. फाट्कन आवाज होतो आणि आपण दचकून बांबू वर खेचतो. तिथेच चुकतो. त्या क्षणी बेडूक तिच्या तोंडात नीट गेलेला नसतो. ओढला की तो सुटून आपल्याच कपाळावर येतो. माझ्या कपाळावर चार वेळा आला. पाणी फुटल्यावर थांबायचं असतं. तिला बेडूक घेऊन खाली वळू द्यायचं, दोरा जड होऊ द्यायचा आणि मग ओढायचं. किती थांबायचं? मास्तर चित्रकलेचे, त्यांनी मोजायला इंद्रधनुष्य घेतलं होतं. तांबडा, नारिंगी, पिवळा यांची पहिली अक्षरं: ता, ना, पि, हि, नि, पा, जा. मनात सावकाश म्हणायची आणि 'जा'ला ओढायचं.

सात अक्षरं. मी पदवीधर, गणिताचा. मला दुसऱ्याच्या पुढे जाता आलं नाही.

"तू 'ना'चा माणूस," मास्तर म्हणायचे. त्यांनी सगळ्या शाळेची अशी वाटणी केली होती. भूगोल 'हि'ला ओढतो. शाळेचा शिपाई एकटाच 'जा'पर्यंत जातो. हेडमास्तर कधीच ओढत नाहीत, मासा कंटाळून निघून जातो. मी 'ना'. त्यात टोमणा नव्हता, वर्णन होतं, आणि ते खरंही होतं. वर्गात पोराने उत्तराला तोंड उघडलं की मी ते पूर्ण करून टाकायचो. गोष्ट सांगायची असली तर समोरचा बसायच्या आधी मी शेवटाला पोहोचलेलो असायचो. गोष्टी सांगायची मला भारी हौस. शिक्षकांच्या खोलीत मधल्या सुट्टीत माझ्याभोवती खुर्च्या ओढल्या जायच्या. स्वतःच्या फजित्या सांगून मी लोकांना हसवायचो, आणि त्या संपल्या की दुसऱ्यांच्या.

फजित्यांना तोटा नव्हता. एका रविवारी मास्तरांना न सांगता सरावासाठी बेडूक घेऊन मी कोलशेतला गेलेलो, खाडीवर. दोन तास बेडूक नाचवला. जवळच मिठागरावर काम करणारा एक गडी पाहत उभा होता. शेवटी त्याला माझी दया आली. म्हणाला, "भाऊ, खाऱ्या पान्यान बेडूक जगतंय का? या माशांनी जल्मान बेडूक देखला नाय, तं खातील कसा?" मी ही गोष्ट शिक्षकांच्या खोलीत सांगितली तेव्हा बारीक कुलकर्ण्यांच्या नाकातून चहा आला होता.

आणि विहिरीची गोष्ट तर मी वर्षभर पुरवून पुरवून सांगितली. मास्तरांना एकदा वाटलं की आपण पोटं रंगवतो खरी, पण खालून बेडूक दिसतो कसा ते माशाच्या जागेवरून बघायला हवं. म्हणून ते शेजाऱ्यांच्या विहिरीत उतरले. मी वरून दोऱ्याने बेडूक पाण्यावर फिरवायचा, आणि त्यांनी श्वास कोंडून खालून बघायचं. तिसऱ्या बुडीला ते बराच वेळ वर येईनात. मी घाबरून बांबू सोडला, तो विहिरीत पडला, मी ओरडलो, आणि पाच मिनिटांत तिथे अर्धी आळी जमली. त्यातल्या एका बाईंनी तर मीच ढकललं असं ठरवून टाकलं. मास्तर वर आले तेव्हा ओठ निळे पडले होते. गर्दीकडे त्यांनी पाहिलंही नाही. मी विचारलं, "काय दिसलं?"

"नंतर सांगेन," ते म्हणाले.

नंतर त्यांनी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. मला गोष्ट मिळाली होती.

*

आता जे सांगायचं आहे ते सांगताना मला हसवता येणार नाही.

मास्तरांच्या ओसरीवर एक फळी होती. तिच्यावर रंगाच्या सात बाटल्या, त्यांच्या मोजणीच्याच क्रमाने: तांबडा, नारिंगी, पिवळा. बाटल्या कुठून कुठून जमवलेल्या, एक औषधाची, एक शाईची, उंची कुणाची कुणाला नाही. नवरात्रात एके सकाळी मी गेलो तर मास्तर आंघोळीला गेले होते. मी रिकामा. रिकाम्या गणिताच्या मास्तराला जे सुचतं तेच मला सुचलं. मी त्या बाटल्या पुसून उंचीप्रमाणे उतरत्या क्रमाने लावल्या. फळी फार सुरेख दिसायला लागली. मला वाटलं त्यांच्या लक्षात येईल आणि ते खूश होतील. वाट बघून मी निघून गेलो.

दोन दिवसांनी दोरीवर नवा बेडूक वाळत होता. त्याचं पोट निळं होतं. तीन हात, ठिपक्यांसकट, नेहमीच्याच निगुतीने. निळं.

मी त्यांना तेव्हाच विचारायला हवं होतं. मास्तर, हा निळा का? एवढंच. पण विचारलं असतं तर त्यांनी काहीतरी उत्तर दिलं असतं आणि गोष्ट तिथेच संपली असती. मी ती तशीच उचलली आणि दुसऱ्या दिवशी शिक्षकांच्या खोलीत नेली.

छान रंगली. मी मास्तरांसारखा वाकून बसलो, जीभ जरा बाहेर काढून हवेत कुंचला चालवला. जाड्या कुलकर्ण्यांनी टेबलावर हात आपटला. हेडमास्तर चहाचा कप घेऊन दारात उभे होते, तेही हसले. मग त्यांनी विचारलं, "निळा? त्यांच्या लक्षात आलं नाही?"

इथे थांबायचं होतं. पाणी फुटलं होतं, आणि मी ओढलं. म्हणालो, अहो, लक्षात कसलं येतंय, ते बाटल्या क्रमाने ओळखतात. मी क्रम बदलला तर बेडूक निळा झाला. कधी कधी मला बाटली दाखवून विचारतात, हा कुठला सांग बघू, जणू मीच बालवर्गात आहे. आणि रस्त्याने जाताना माझ्या खांद्यावर असा हात ठेवतात, की बघणाऱ्याला वाटावं मुलगाच आहे.

हेडमास्तरांचं हसणं आधी थांबलं. मग बाकीच्यांचं. सर्वात शेवटी माझं. मी ते सगळं एका दमात सांगितलं होतं, आणि आपण काय सांगितलं हे मला त्यांच्या तोंडाकडे बघून कळत गेलं.

हेडमास्तर दुष्ट नव्हते. त्यांच्याजवळ मागच्या वर्षीच्या चित्रकलेच्या परीक्षेच्या वह्या होत्या. काही पोरांनी आभाळ पिवळं रंगवलं होतं आणि मास्तरांनी त्यांना उत्तम शेरा दिला होता. हेडमास्तरांनी ते तेव्हा उदारपणा म्हणून सोडून दिलं होतं. चार दिवसांनी त्यांनी मास्तरांना खोलीत बोलावलं. सप्तरंगांचा तक्ता माझ्या कपाटात होता म्हणून तो घेऊन मलाही यावं लागलं. हेडमास्तरांनी तो स्वतः धरला आणि फार मऊ आवाजात म्हणाले, मास्तर, जरा वरून खाली रंग सांगता का.

मास्तरांनी सांगितले. तांबडा, नारिंगी, पिवळा, हिरवा, निळा, पारवा, जांभळा.

हेडमास्तरांनी तक्ता उलटा केला. आवाज न होईल अशा बेताने केला. "पुन्हा एकदा," ते म्हणाले.

"तांबडा," मास्तर म्हणाले. "नारिंगी."

आम्ही दोघंही काही बोललो नाही. बाहेर कवायतीची शिट्टी वाजत होती. मास्तर 'पिवळा'पाशी थांबले. त्यांनी तक्त्याकडे नाही, आमच्या गप्प राहण्याकडे कान दिला असावा.

"उलटा धरलाय का?" त्यांनी विचारलं.

हेडमास्तर म्हणाले, "हो."

"बरं," मास्तर म्हणाले. मग टोपी काढून पुन्हा घातली. हेडमास्तरांकडे त्यांनी तक्त्यासाठी हात पुढे केला, त्याची सुरळी केली, दोरी बांधली आणि मला परत दिला. वस्तू जागच्या जागी ठेवायची त्यांची शिस्त होती. का होती ते मला आता कळलं होतं.

काचबिंदू होता. मुंबईच्या डॉक्टरांनी दोन वर्षांपूर्वीच सांगितलं होतं, गेलेलं परत येणार नाही, उरलेलं किती दिवस ते सांगता येत नाही. हे काकूंना माहीत होतं आणि त्यांना. नोकरीची उरलेली वर्षं तेवढी कशीबशी पार पाडायची, पोरांसमोर खडू हातात घेऊन उभं राहायचं, एवढंच त्यांना हवं होतं. त्यासाठी त्यांनी शाळेचा जिना पायांनी पाठ केला होता, फळ्याची रुंदी वितींनी मोजली होती, पोरांच्या रंगपेट्यांचा क्रम ठरवून दिला होता. सगळ्या शाळेत कुणाला कळलं नव्हतं. मलाही कळलं नव्हतं, आणि सांगितलं मात्र मीच.

दिवाळीच्या सुट्टीनंतर मास्तर शाळेत आले नाहीत.

*

मी त्यांच्या घरी गेलो नाही. भाजी घ्यायला पारनाक्यावरून, त्यांच्या घरासमोरून जावं लागे, तर वळसा घालून जायचो. एकदा काकू समोरच आल्या. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. म्हणाल्या, "ते विचारत असतात, गणित गावाला गेलंय का."

मी हो म्हणालो. कल्याणातच उभा राहून.

शिक्षकांच्या खोलीत आता कुणी मला गोष्ट सांग म्हणत नव्हतं. म्हटलं असतं तरी मी सांगितली नसती. मला झोपेत पाण्याचा आवाज यायचा.

मग एका सकाळी, फटफटायच्या सुमाराला, माझ्या दाराची कडी वाजली. बाहेर मास्तर उभे होते. अंगात कोट, हातात बांबू, शेजारी त्यांची सायकल. इथपर्यंत ती हातात धरून चालत आले असावेत. त्यांनी माझा हात घेतला आणि सायकलच्या सीटवर टेकवला. ओली होती.

"चल," ते म्हणाले. "सायकल तू चालव."

ते मागे कॅरिअरवर बसले होते, बांबू भाल्यासारखा उभा धरून, आणि दुसरा हात माझ्या खांद्यावर. खांदा मला फार जड वाटत होता. डोंबिवली गेल्यावर खाचरांवरून धुकं उठत होतं आणि कापलेल्या भाताचा वास येत होता. मास्तर एकदाच बोलले. "डावीकडे कोळसे पाडतायत का कुणी?" खरंच पाडत होते. मला धूर दिसला नव्हता.

तळ्यावर त्यांनी कोट उलटा करून घातला. टोपी उलटी केली. मग खिशातून बेडूक काढला आणि दोऱ्याला बांधला. तो निळ्या पोटाचा होता.

"गणित," ते म्हणाले, "मला पानं दिसत नाहीत. पुढे काय आहे ते तू सांगायचं. जेवढं आहे तेवढंच. मीठमसाला नको."

मी सांगायला लागलो. आयुष्यात मी इतकं कमी कधी बोललो नव्हतो. समोर दहा हातांवर कमळाची पानं. त्यांच्यात घागरीच्या तोंडाएवढी मोकळी जागा. उजवीकडे एक सुकलेला देठ उभा आहे, तो टाळा. बेडूक पडला, देठाच्या अलीकडे वीतभर. आता पानावर चढला. उतरला. म्हातारी बांधावर येऊन उभी राहिली होती. थोडा वेळ ऐकून म्हणाली, "आज ह्यो पोरगाच बोलतंय. मास्तर गप."

"आज त्याचंच काम आहे," मास्तर म्हणाले.

ऊन पाण्यावर आलं. अंगातली थंडी जरा सैल झाली. मला राहवेना. म्हणालो, "मास्तर, त्या दिवशी मी..."

"बेडूक कुठे आहे?"

"मोकळ्या जागेत. मधोमध."

"मग तेवढं सांग."

आणि तेवढ्यात पानांखालून पाण्याला एक लांब वळी पडली. पानं एकामागून एक किंचित उचलली गेली, जणू खालून कुणी बोट फिरवत येत होतं. मी सांगितलं. डावीकडून येतेय. दोन पानांवर आहे. एका पानावर. थांबली.

मास्तरांनी बेडकाचे पाय एकदाच झाडले, अगदी थोडे.

पाणी फुटलं. माझे दोन्ही हात आपोआप वर गेले. त्यांत काही नव्हतं. बांबू मास्तरांच्या हातात होता आणि तो हलला नव्हता. त्यांचे डोळे मिटलेले होते. ओठ हलत होते. मी त्यांच्याबरोबर म्हणत गेलो, 'ना'च्या पुढे, 'पि'च्या पुढे, जिथे मी कधी गेलो नव्हतो तिथे. नि. पा. तिथे फार शांत होतं.

जा.

बांबू वाकला. मरळ कोपरापासून बोटांपर्यंत भरली असती एवढी होती. मास्तरांनी ती काठावर घेतली, गुडघ्याखाली धरली आणि बोटांनी चाचपत स्वतः गळ सोडवला. मग ओला बेडूक माझ्यापुढे धरून विचारलं, "याचं पोट कुठल्या रंगाचं आहे?"

"निळं."

"कुठलं निळं?"

"दौतीतल्या शाईचं. मानेपाशी ठिपके आहेत. ते फार छान आलेत, मास्तर."

त्यांनी मान हलवली. बेडकाच्या पोटावरून अंगठा फिरवला. "विहिरीत काय दिसलं ते तू विचारलं होतंस," ते म्हणाले. "वर आभाळाचा उजेड असतो. त्याच्यासमोर खालून सगळे बेडूक काळे दिसतात. पिवळा असो, निळा असो. मासा पोट बघतच नाही."

"मग इतकी वर्षं रंगवत कशाला होतात?"

म्हातारी जवळ येऊन मासा बघत होती.

"मला दिसत होतं म्हणून," मास्तर म्हणाले.

मी खाली बसलो. त्या बादलीनंतर पहिल्यांदाच त्यांच्यासमोर असा, कुठे बसतोय ते न बघता. त्यांनी हात पुढे करून माझं डोकं शोधलं, सापडलं तेव्हा त्यावर ठेवून घेतला. मग म्हणाले, "आता तळं सांग. कसं आहे?"

मी सांगितलं. जेवढं होतं तेवढंच. मध्ये पाणी पिवळट, कडेला हिरवं, पानांच्या सावलीत काळं. पलीकडच्या बांधावर कापलेल्या भाताचे भारे, त्यांच्यावर ऊन. एक बगळा, पांढरा. ते ऐकत होते आणि मधूनच विचारत होते, पिवळट म्हणजे हळदीकडे की मातीकडे?

उठताना ते म्हणाले, "हे सगळं तू सांगशील लोकांना."

"नाही सांगणार, मास्तर. शपथ."

"सांगशील. तुला राहवायचं नाही." बांबूला दोरा गुंडाळत ते म्हणाले, "सांग. फक्त 'ना'ला ओढू नकोस."

मास्तर त्यानंतर सहा वर्षं होते, आणि प्रत्येक कार्तिकात आम्ही तळ्यावर गेलो. शेवटची दोन वर्षं मी सांगायचो तेवढंच त्यांना दिसायचं. त्यांना जाऊनही आता चाळीस वर्षं होत आली. एवढ्या काळात ही गोष्ट किती वेळा माझ्या ओठापर्यंत आली, समोर ऐकणारे होते, हसणारे होते, आणि हात शिवशिवत होते. मी सोडून दिली. दोरा हळूहळू जड होत गेला.

या वेळी मी सातही अक्षरं म्हटली आहेत.